वेटलिस्टवर सातवा नंबर आहे, थांबू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुढच्या सत्राला डेटाबेसचा कोर्स हवा होता. ६० जागांचा वर्ग तुमची नोंदणीची वेळ येईपर्यंत भरून गेला, म्हणून वेटलिस्टवर नाव टाकलंत. नंबर ६ मिळाला. दोन दिवसांनी तो ७ झाला. परवा रात्री कोर्सच्या पानावर 'रिक्त जागा १' असं दिसलं, तुम्ही घाईघाईने बटण दाबलं, तर 'वर्ग भरलेला आहे' असं उत्तर आलं. म्हणून तुम्ही विचारताय की ही यादी खरंच क्रमाने चालते की आतून कोणाची वर्णी लावतात, आणि थांबावं की नाद सोडावा. शिवाय जाता जाता लिहिलंय, 'हाताशी असावा म्हणून दुसरा एक कोर्स घेऊन ठेवलाय, त्यामुळे माझे १८ क्रेडिट भरलेत.'

नंबर ६ चा ७ झाला याची मला फारशी फिकीर नाही. त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्याची आहे. क्रेडिट म्हणजे प्रत्येक कोर्सला दिलेलं वजन, आणि एका सत्रात ते किती घेता येतं याला मर्यादा असते. १८ ही तुमच्याकडची कमाल मर्यादा असेल, तर उद्या तुमचा नंबर १ झाला तरी तुम्हाला जागा मिळणार नाही, अशी दाट शक्यता आहे.

मी विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात ११ वर्षं काढली. आधी खिडकीवर होते, नंतर वेटलिस्ट चालवणाऱ्या टेबलावर. तेव्हा जे सांगतेय ते यंत्राच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात. सॉफ्टवेअर तेच असलं तरी ते कसं लावायचं हे ज्याचं तो ठरवतो. म्हणून मी 'असंच असतं' म्हणेन तिथे 'बहुतेक ठिकाणी' असं समजून वाचा आणि आपल्या विद्यापीठाच्या वेटलिस्टच्या पानाशी ताडून बघा. ते पान कोणी वाचत नाही. लिहिणारी मीच होते, त्यामुळे खात्रीने सांगते.

आधी एक गोष्ट शोधून काढा, तुमच्याकडची वेटलिस्ट कुठल्या जातीची आहे. ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिल्यात जागा रिकामी झाली की संगणक स्वतःच यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला कोर्समध्ये बसवतो. तुम्हाला काही करावं लागत नाही, सकाळी उठून पाहावं तर नाव लागलेलं असतं. ओरॅकल कंपनीचं पीपलसॉफ्ट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेक विद्यापीठांत असं चालतं. दुसऱ्यात संगणक तुम्हाला फक्त ईमेल करतो, 'जागा झाली आहे, इतक्या तासांत नोंदणी करा.' हे काम तुमचं तुम्हाला करायचं असतं आणि मुदत बऱ्याच ठिकाणी २४ तासांची असते. बॅनर नावाची प्रणाली असते तिथे बहुधा हा प्रकार सापडतो. तिसऱ्या प्रकारात यादी म्हणजे नुसती यादी. ती प्राध्यापकांच्या किंवा विभागाच्या हातात जाते, आणि कोणाला घ्यायचं हे ते ठरवतात, तेही बऱ्याचदा क्रम न पाळता. एकाच विद्यापीठात एका विभागाची यादी पहिल्या प्रकारची आणि शेजारच्या विभागाची तिसऱ्या प्रकारची, हेही मी पाहिलंय. आपली यादी कुठली हे माहीत नसताना नंबराकडे बघत बसण्यात अर्थ नाही.

आता तुमची कोडी. परवा दिसलेली ती एक जागा खरी होती, पण तुमच्यासाठी नव्हती. कोणीतरी कोर्स सोडला, आकडा ६० वरून ५९ झाला, आणि पानाने इमानदारीत '१ रिक्त' असं दाखवलं. पण ज्या वर्गाला वेटलिस्ट आहे त्याची मोकळी झालेली जागा कोणी बाहेरून उचलू शकत नाही, ती यादीसाठी धरून ठेवलेली असते. ईमेलवाल्या प्रकारात ती यादीतल्या पहिल्या माणसाच्या नावावर मुदत संपेपर्यंत अडकलेली असते. त्याने ईमेल उघडलंच नाही, तर पूर्ण मुदतभर ती जागा सगळ्यांना दिसत राहते आणि कोणालाच मिळत नाही. मग दुसऱ्याला ईमेल, पुन्हा तेवढीच मुदत. एक जागा अशी तीन-चार दिवस लोंबकळत राहू शकते. आपोआप बसवणाऱ्या प्रकारात हा खेळ लहान असतो, कारण ती प्रक्रिया ठरलेल्या वेळांना चालते. आमच्याकडे ती रात्री चालायची. संध्याकाळी जागा सुटली की रात्रीपर्यंत पानावर '१' दिसायचं आणि सकाळी माझा फोन वाजायला लागायचा.

जागा दिसते पण मिळत नाही याचं आणखी एक कारण असतं, विशिष्ट गटासाठी बाजूला काढलेल्या जागा. ६० पैकी १० पहिल्या वर्षासाठी किंवा त्याच विषयात पदवी करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या असतात. त्यातल्या चार रिकाम्या असल्या तरी तुम्ही त्या गटातले नसाल तर तुमच्या दृष्टीने वर्ग भरलेलाच. या जागा बहुधा एका ठरलेल्या तारखेला सर्वांना खुल्या करतात. त्या दिवशी यादी एकदम चार-पाच पावलं पुढे सरकते आणि मुलांना वाटतं चमत्कार झाला. ती तारीख विभागाच्या कार्यालयात विचारली तर सांगतात. विचारत मात्र कोणी नाही.

नंबर ६ चा ७ झाला, त्याबद्दल तुमचा संशय मी समजू शकते, पण वशिल्यापर्यंत जायची गरज नाही. काही ठिकाणी यादीला प्राधान्यक्रम लावलेला असतो. शेवटच्या वर्षाचे आधी, त्या विषयाचे आधी, मग बाकीचे. तुमच्यानंतर शेवटच्या वर्षाच्या कोणी नाव टाकलं तर ते तुमच्या पुढे जातं. कधी कार्यालयाने चुकून काढलेलं नाव तक्रारीनंतर मूळ जागी परत लावलेलं असतं, हे मी स्वतः केलंय. प्राध्यापकाने एखाद्याला थेट परवानगी दिली तर मात्र तुमचा नंबर वाढत नाही, यादीत न येताच तो माणूस वर्गात दिसतो. ते रागावण्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा ती परवानगी अशा मुलाला दिलेली असते ज्याची पदवी त्या एका कोर्सवाचून अडलेली आहे.

आता त्या १८ क्रेडिटांकडे येते.

आपोआप बसवणारी प्रक्रिया नेमकं काय करते, ते ऐका. यादीतलं पहिलं नाव घेते आणि जणू त्या क्षणी त्या विद्यार्थ्याने स्वतः नोंदणीचं बटण दाबलंय असं समजून सगळ्या चाचण्या लावते. खात्यावर होल्ड, म्हणजे नोंदणी अडवून ठेवणारी खूण, आहे का? हा कोर्स धरून क्रेडिट कमाल मर्यादेच्या वर जातात का? वेळ दुसऱ्या तासाशी भिडते का? आधी पास असायला हवेत ते कोर्स झालेत का? हाच कोर्स दुसऱ्या सेक्शनमध्ये, म्हणजे दुसऱ्या तुकडीत, आधीच घेतलाय का? सोबत प्रयोगशाळेचा तास सक्तीचा असेल तर त्यात जागा आहे का? एकाही प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं की प्रक्रिया त्या नावावरून पुढे जाते आणि जागा दुसऱ्याला देते. पहिल्याचं नाव यादीत तसंच राहतं, क्रमांक १ वर. ईमेल बहुतेक ठिकाणी जात नाही, गेलं तरी त्या ईमेलची भाषा वाचून कोणाला काही कळत नाही.

एक मुलगा माझ्या खिडकीशी आला होता. तीन दिवस त्याचा नंबर १ होता आणि तीन दिवसांत त्याच्या मागचे चार जण वर्गात बसले होते. वर्गात विचारून विचारून त्याने ती चार नावं कागदावर लिहून आणली होती, पुरावा म्हणून. मी त्याच्यासमोर रात्रीच्या प्रक्रियेची नोंद उघडली. त्याच्या नावापुढे प्रत्येक रात्री तीच ओळ होती, 'कमाल क्रेडिट मर्यादा ओलांडली जाते.' हा कोर्स मिळालाच नाही तर हाताशी असावा म्हणून त्याने दुसरा कोर्स घेऊन ठेवला होता, आणि त्याच कोर्सने दार अडवलं होतं. कागदाची घडी करून त्याने ती खिशात ठेवली, आणि मग आम्ही दोघं मिळून पुढच्या जागेची वाट पाहायला लागलो. ती नंतर आलीच नाही.

तुमच्याकडे वेगळी तऱ्हा असेल, तरी हे मुद्दाम तपासा. फसायला होतं ते याच्यामुळे की यादीत नाव घेताना तपासणी ढिली असते आणि वर्गात बसवताना कडक. वेळ भिडत असली तरी यादीत नाव टाकू देतात, क्रेडिट भरलेले असले तरी टाकू देतात. वेटलिस्टचे क्रेडिट बऱ्याच ठिकाणी मर्यादेत धरतच नाहीत, म्हणून त्या वेळी लाल अक्षरात काही येत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. सगळा हिशेब होतो तो जागा मिळायच्या क्षणी, आणि त्या क्षणी तुम्ही झोपलेले असता.

यावर उपाय आहे. काही प्रणालींत 'स्वॅप' किंवा 'मिळाला तर हा सोड' अशी सोय असते. म्हणजे डेटाबेसमध्ये जागा मिळाली तरच तो पर्यायी कोर्स सुटेल, न मिळाली तर तो तसाच राहील. ती सोय यादीत नाव टाकतानाच निवडायची असते. नंतर जोडता येते का, ते तुमच्या प्रणालीवर अवलंबून आहे. काही ठिकाणी यादीतून नाव काढून पुन्हा टाकावं लागतं आणि मग तुम्ही सातव्यावरून शेवटाला जाता. म्हणून स्वतः काही दाबण्याआधी नोंदणी कार्यालयाला एक ईमेल टाका, 'माझा नंबर न जाता या वेटलिस्टला स्वॅप जोडता येईल का?' आमच्या टेबलावर हे दोन मिनिटांचं काम होतं, आणि सरळ विचारणाऱ्याला आम्ही करून द्यायचो.

स्वॅप नसेलच तर दोन वाटा उरतात. मर्यादा वाढवून मागा, सल्लागाराच्या सहीने काही क्रेडिट जास्त घ्यायची मुभा अनेक ठिकाणी मिळते. नाहीतर यादीत वरच्या दोनात आलात की पर्यायी कोर्स हाताने सोडा. ही दुसरी वाट मला पसंत नाही, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार आहे. पण ईमेलवाली यादी असेल तर इतकी घाई करावी लागत नाही, ईमेल आल्यावर मुदतीच्या आत सोडणं आणि घेणं दोन्ही करता येतं. तेव्हा आधी सोडायचं आणि मग घ्यायचं असं दोन वेळा करू नका, एकाच वेळी दोन्ही भरून एकदाच सबमिट करा. आणि ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावरच येतं. सुट्टीत तो पत्ता न उघडणाऱ्यांच्या कितीतरी जागा माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकल्यात.

क्रेडिट सोडून बाकीच्या अडचणींत होल्ड सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात घातक. परत न केलेलं पुस्तक, न भरलेला एक फॉर्म, लसीकरणाचा न दिलेला दाखला, सल्लागाराला न भेटणं, यातलं काहीही नोंदणी अडवू शकतं. होल्ड आज नसला तरी सत्राच्या तोंडावर लागू शकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी खात्यावर नजर टाका. दुसरी अडचण प्रयोगशाळेच्या तासाची. थिअरीच्या सेक्शनला जोडलेली लॅब असेल तर वेटलिस्टवर नाव टाकताना तुम्ही कुठली लॅब निवडलीत ते आठवा. सोमवारची लॅब भरलेली आणि गुरुवारची रिकामी, पण तुम्ही सोमवारची निवडलेली, एवढ्यावरून जागा हुकते.

इथवरचं सांगणं इतकंच की नंबर किती आहे हे तुमच्या हातात नाही, पण नंबर लागेल तेव्हा बसायला मोकळे आहात का, हे आहे. माझ्या टेबलावरच्या 'अन्याय झाला' अशा तक्रारी उघडून पाहिल्या की बहुतेकांत हेच निघायचं.

आता ७ नंबरवर थांबावं का? याचं उत्तर नंबरापेक्षा वर्गात किती उलथापालथ होते त्यावर आहे. ६० च्या वर्गातून सात जण जायला हवेत, म्हणजे साधारण ८-९ माणसांत एक. १५ जणांच्या सेमिनारमध्ये सातवा नंबर असता तर मी सरळ सांगितलं असतं, विसरा. २०० च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सातवा असता तर म्हटलं असतं, निवांत राहा. तुमचं मधलं आहे. माझा स्वतःचा ठोकताळा असा होता, आणि त्यामागे अनुभव सोडून दुसरं काही नाही: वर्गाच्या दहाव्या हिश्शापर्यंत नंबर असेल तर आशेने थांबा, पाचव्या हिश्शापर्यंत असेल तर थांबा पण पर्यायी कोर्सचा अभ्यास मनापासून सुरू करा, त्यापुढे असेल तर जागा येणार नाही असं धरून वेळापत्रक लावा.

कोर्स कुठल्या तऱ्हेचा आहे त्यानेही फरक पडतो. ज्याचे पाच-सहा सेक्शन आहेत तिथे मुलं सारखी इकडून तिकडे सरकतात, वेटलिस्ट भराभर हलते. सकाळी आठचा सेक्शन तर हमखास गळतो. याउलट शेवटच्या वर्षाचा सक्तीचा, वर्षातून एकदाच लागणारा कोर्स असेल तर त्यातून कोण उठणार? आणि हो, वेटलिस्ट सेक्शनची असते, कोर्सची नाही. तीन सेक्शनच्या तीन वेगळ्या याद्या. एका कोर्सच्या एकाहून जास्त याद्यांत नाव टाकू देतात का ते बघा. देत असतील तर जरूर टाका, पण एकात जागा मिळाली की बाकीच्यांतून नाव काढा.

यादी रोज थोडी थोडी हलत नाही, हे कळलं की निम्मी घालमेल कमी होते. ती झटक्यांनी हलते. सगळ्यांच्या नोंदणीच्या पाळ्या संपल्या की एक लहान झटका, कारण तेव्हा मुलं जास्तीचे घेतलेले कोर्स सोडतात. मग दीर्घ शांतता, आठवडेच्या आठवडे. मागच्या सत्राचे निकाल लागले की पुढचा झटका. ज्यांना आधीचा कोर्स पास होता आला नाही त्यांना या कोर्समधून काढतात, आणि डेटाबेससारख्या कोर्सला प्रोग्रॅमिंगची पूर्वअट असल्यामुळे तिथे हे ठळक दिसतं. फी भरायची मुदत हा तिसरा. ज्या विद्यापीठांत फी न भरणाऱ्यांची नोंदणी रद्द करतात तिथे एका रात्रीत खूप जागा सुटतात. सगळ्यात मोठा झटका मात्र सत्राचा पहिला आठवडा. पहिल्या तासाला अभ्यासक्रम हातात पडतो, किती गृहपाठ आहे ते कळतं, आणि दुसऱ्या तासाला वर्ग विरळ झालेला असतो.

त्यातही एक सापळा आहे. आपोआप बसवणारी प्रक्रिया कायम चालू राहत नाही. कोर्स घेण्याची शेवटची तारीख येण्याच्या एक-दोन दिवस आधी, काही ठिकाणी सत्र सुरू व्हायच्या आधीच, ती बंद करतात. त्यानंतर यादी कागदावर उरते, सुटलेली जागा प्राध्यापकाच्या परवानगीने भरते. म्हणजे सगळ्यात जास्त जागा ज्या आठवड्यात सुटतात त्याच आठवड्यात यंत्र निजलेलं असू शकतं. तुमच्याकडे ही तारीख कोणती ते आजच बघून कॅलेंडरवर लिहा, कारण त्या दिवसापासून तुमच्या हालचाली बदलतात.

प्राध्यापकांना ईमेल कधी करावं, हे सगळे विचारतात. नोंदणी सुरू असताना नको. त्या दिवसांत त्यांच्याकडे अशी ढीगभर ईमेल पडलेली असतात आणि ते 'वेटलिस्टवर थांबा' एवढंच लिहितात. सत्र सुरू होण्याच्या दोन-चार दिवस आधी एकदा करा. त्यात तुमचा विद्यार्थी क्रमांक, कोर्स आणि सेक्शनचा क्रमांक, वेटलिस्टवरचा नंबर, पूर्वअटीचे कोर्स झालेत ही माहिती, आणि हा कोर्स याच सत्रात का हवा याचं एक खरं कारण असू द्या. 'मला या विषयाची खूप आवड आहे' हे कारण नाही, ते सगळेच लिहितात. 'हा झाल्याशिवाय पुढच्या सत्रातला प्रोजेक्ट घेता येत नाही' हे कारण आहे. गयावया करू नका, आणि तीच विनवणी तीनदा पाठवू नका. काही विभागांत प्राध्यापकांच्या हातात काही नसतं, सगळं कार्यालयातून चालतं. तिथे कार्यालयातल्या माणसाशी नीट बोलणं जास्त उपयोगी.

प्राध्यापक वर्गात 'या, घेतो तुम्हाला' म्हणाले म्हणजे नोंदणी झाली, असं समजू नका. त्यांनी परवानगी प्रणालीत टाकावी लागते किंवा तुम्हाला परवानगी क्रमांक द्यावा लागतो, आणि तो वापरून नोंदणी तुम्हालाच करायची असते. तो क्रमांक एकदाच चालतो आणि त्यालाही मुदत असते. आणखी एक बारकावा: परवानगी कशासाठी दिली आहे ते वेगवेगळं असतं. 'वर्ग भरला असला तरी चालेल' या परवानगीने पूर्वअट किंवा वेळेची धडक माफ होत नाही, त्याची मुभा वेगळी द्यावी लागते. क्रमांक टाकून पुन्हा नकार आला तर प्रणालीला शिव्या घालण्याआधी संदेश अक्षरन् अक्षर वाचा, आणि तोच प्राध्यापकांना पाठवा.

'एवढी माणसं थांबलीत तर दोन खुर्च्या वाढवा की', असं पालकही फोन करून सांगायचे. खोलीत किती माणसं बसू शकतात हा आकडा अग्निसुरक्षेच्या नियमांनी ठरतो, तो आमच्या मर्जीवर नसतो. लॅबमध्ये संगणक किंवा टेबलं मोजकी असतात. लेखनाच्या कोर्सला एका शिक्षकाने किती निबंध तपासायचे याची मर्यादा असते. पण लांब वेटलिस्ट वाया जात नाही. विभाग तीच बघून नवा सेक्शन काढतात. नवा सेक्शन निघाला की जुनी यादी तिकडे आपोआप जाईलच असं मात्र नाही. बऱ्याचदा फक्त यादीतल्यांना एक ईमेल जातं आणि जो आधी जाईल त्याला जागा मिळते. ते ईमेल सकाळी अकराला आलं आणि तुम्ही दुपारी तीनला पाहिलं, तर पुन्हा वेटलिस्टवरच.

कोणी मित्र म्हणत असेल, 'मी त्या कोर्समध्ये आहे, सोडतो, तू लगेच घे', तर त्याला थांबवा. वेटलिस्ट असलेल्या वर्गात त्याने सोडलेली जागा तुम्हाला न मिळता यादीतल्या पहिल्याला जाते. दोन मैत्रिणी रात्री फोनवर '३, २, १' म्हणून हे करायला गेल्या आणि दोघीही बाहेर राहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एकमेकींशी न बोलता बसल्या होत्या. शिवाय जागांची अशी देवघेव बऱ्याच विद्यापीठांत नियमांविरुद्ध आहे. दर सेकंदाला पान उघडून बघणारे प्रोग्रॅम लिहिण्याचंही तसंच, खातं बंद होऊ शकतं.

थांबायचं ठरवलंत तर वर्गात जायला लागा. पहिल्या तासाला वेटलिस्टवरचे लोक बसू शकतात, बहुतेक प्राध्यापकांची हरकत नसते. पण अभ्यासाच्या ऑनलाइन पानावर, म्हणजे कॅन्व्हास, मूडल जे काही असेल त्यावर, तुमचं नाव नसेल. तिथलं साहित्य एखाद्या वर्गमित्राकडून किंवा प्राध्यापकांकडे मागून घ्या आणि पहिला गृहपाठ करून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात जागा मिळालेल्यांना पहिल्या आठवड्याची सूट मिळतेच असं नाही.

वेटलिस्टचे क्रेडिट पूर्णवेळ विद्यार्थी ठरण्यासाठी धरत नाहीत. शिष्यवृत्ती, कर्ज, वसतिगृह किंवा विद्यार्थी व्हिसा पूर्णवेळ असण्यावर अवलंबून असेल, तर वेटलिस्टवरचा कोर्स शून्य समजून बाकीचे क्रेडिट किमान मर्यादेइतके भरतात का ते पाहा. तुमचे १८ आहेत, तेव्हा तुमच्या बाबतीत ही भीती नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचे १० असतील.

मन बदललं तर यादीतून नाव काढा, हेही आत्ताच सांगून ठेवते. आपोआप बसवणारी प्रक्रिया तुमचं मन ओळखत नाही. एकीने पर्यायी कोर्स आवडला म्हणून वेटलिस्टकडे पाहणंच सोडलं. तिने स्वॅप लावला होता. पहिल्या आठवड्यात एका रात्री जागा सुटली, आवडलेला कोर्स गेला आणि नको असलेला मिळाला. सकाळी ती आली तोवर आवडलेल्या वर्गातली तिची जागा त्या वर्गाच्या वेटलिस्टवरच्या कोणीतरी घेतलेली होती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, मी तुमच्या जागी असते तर थांबले असते. ६० चा वर्ग, पूर्वअट असलेला कोर्स, निकाल अजून लागायचेत, फीची मुदत पुढे आहे, म्हणजे सगळे मोठे झटके अजून बाकी आहेत. पण आज संध्याकाळी कार्यालयाला स्वॅपबद्दल ईमेल करा, होल्ड तपासा, आणि डेटाबेसच्या तासाची वेळ बाकीच्या सगळ्या तासांशी, लॅबसकट, एकदा ताडून बघा. स्वॅप लागला की पानावर पर्यायी कोर्सच्या नावापुढे तशी खूण किंवा ओळ दिसायला हवी. ती दिसली नाही तर तो लागलेला नाही, परत ईमेल करा.